सोंगाडं यंत्र आणि तीन दारांचं कपाट

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक खोकं डोळ्यांसमोर आणा. संगणकाचं खोकं, टेबलाखाली असतं तसं, काळं, आतल्या पंख्याचा घुर्र आवाज करणारं. आणलंत? आता त्या खोक्याच्या आत दुसरं एक खोकं आहे, अशी कल्पना करा. गंमत अशी, की हे आतलं खोकं नाहीच. त्याला ना पत्रा, ना पंखा, ना वायरी. बाहेरचं खोकंच सोंग घेऊन बसलंय, की मी दुसरंच कुठलं तरी जुनं यंत्र आहे. तुम्ही चादर पांघरून वाघ होता ना, तसं. फरक एवढाच, की तुमच्या वाघाला आई फसत नाही आणि या सोंगाला जुने प्रोग्राम साफ फसतात.

कुणाचं डोकं गरगरायला लागलं असेल तर हरकत नाही. ज्या घरात ही गोष्ट घडली तिथे सगळ्यांचंच गरगरत होतं, आणि ज्याने ते सोंग रचलं तो मामाही त्यात आला.

मामा म्हणजे भिंगरीचा मामा. भिंगरीला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. तिचे आईबाबा दिवसभर कामावर असत, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिचा मुक्काम आजोळी. आजोळी आजी, आजोबा आणि मामा, आणि मामाच्या खोलीत ते खोकं.

त्याचं असं झालं होतं. शहरातल्या तारांगणाचं यंत्र म्हातारं होऊन बंद पडलं. गोल छतावर तारे फिरवणारा प्रोग्राम ठणठणीत होता, पण त्याला फक्त त्या जुन्या यंत्राचीच भाषा कळे. नवीन यंत्र समोर ठेवलं की तो रुसून बसे. म्हणून मामाने एक सोंगाडं यंत्र लिहिलं. होय, लिहिलंच, कारण ते नुसत्या ओळींचं बनलेलं होतं. नव्या संगणकात बसून ते जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करी, आणि तारे फिरवणारा प्रोग्राम आपण आपल्याच घरी आहोत असं समजून निवांत आकाश फिरवत राही.

मग तारांगणाच्या व्यवस्थापक बाईंनी खेळात एक धूमकेतू घातला. त्याची शेपटी चांगली लांबलचक, लखलखीत होती, आणि ती सोंगाड्या यंत्राच्या मेमरीत मावेना. मेमरी म्हणजे यंत्राचं काम करायचं टेबल समजा. टेबल लहान, शेपटी मोठी. तेव्हा टेबल वाढवायला हवं. आणि तेही चालू यंत्राचं, कारण तारांगणातलं आकाश एकदा बंद केलं की छतातला एकेक दिवा तपासत पुन्हा उभं राहायला ते सबंध रात्र घेई.

"चालू यंत्रात मेमरीची पट्टी खोचायची," मामा समजावून सांगे, "म्हणजे झोपलेल्या बाळाला न उठवता त्याच्याखाली मोठी गादी सरकवायची."

अडचण अशी होती, की पट्टी खोचली रे खोचली की बाळ गादीसकट खाली पडत होतं.

"हे बघ," मामा त्या सकाळी भिंगरीला म्हणाला. त्याच्या घरच्या संगणकात सोंगाड्या यंत्राची एक नक्कल होती, सरावासाठी. पडद्यावरच्या चौकटीत छोटंसं काळं आकाश फिरत होतं. पट्टीही अर्थातच सोंगाचीच. मामाने एक ओळ लिहिली आणि कळ दाबली. आकाश नाहीसं झालं. रिकाम्या पडद्यावर एकच वाक्य उरलं.

"काय म्हणतंय ते?" भिंगरीने विचारलं.

"म्हणतंय, जिथे तुझं काही नाही तिथे हात घातलास, म्हणून तुला बाहेर काढलं."

"कुणी घातला हात?"

"माझ्या यंत्राने."

"आणि बाहेर कुणी काढलं?"

"खऱ्या यंत्राने, खोट्याला."

"पण खोटं यंत्र नाहीच आहे ना? मग त्याला हात कुठून आला?"

मामाने रिकामा पेला तिच्या हातात दिला. "तू जरा पाणी आण बघू."

भिंगरी पाणी आणायला गेली नाही. जागची हललीच नाही. आणि भिंगरी हलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर असणार, हे मामाच्याही लक्षात आलं.

"मामा, हे उद्यापर्यंत होईल ना?"

"उद्या काय आहे?"

"उद्या आमचा वर्ग येणारे तारांगणात."

"येऊ दे की. आकाश आहेच तिथे."

"आणि धूमकेतू?"

"त्याचं बघू सावकाश."

भिंगरीने फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी सगळ्यांना सांगितलंय, उद्या धूमकेतू दिसणार म्हणून. माझ्या मामाचा."

"कधी सांगितलंस?"

"तू पहिल्यांदा 'बघू' म्हणालास ना, त्याच दिवशी."

आता भिंगरीला उद्याची एवढी काळजी का होती, ते सांगायला हवं. मागे एकदा तिने वर्गात कासव आणून दाखवायचं कबूल केलं होतं. कासव शेजाऱ्यांचं होतं, आणि शेजाऱ्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. तेव्हापासून मागच्या बाकावरची मंडळी तिला थापाडी म्हणत. एकदा म्हणून झालं की विसरतील, असं तिला वाटत होतं. पण उद्या धूमकेतूही आला नाही, तर ते नाव तिला जे चिकटणार होतं ते कुठल्याही साबणाने निघण्यातलं नव्हतं.

"होईल का पण?" तिने पुन्हा विचारलं.

मामा 'नाही' म्हणाला नाही. 'हो'ही म्हणाला नाही. त्याने पुन्हा आकाश चालू केलं, पुन्हा पट्टी खोचली, आणि पुन्हा तेच वाक्य आलं.

एवढ्यात आजोबा पेचकस घेऊन आत आले. घरातली कुठलीही वस्तू अडली की तिचं झाकण उघडून बघायचं, ही त्यांची पद्धत. "काय झालंय? मेमरीची पट्टी बसत नाहीये? सरक बाजूला."

मामा काही बोलायच्या आत त्यांनी टेबलाखालच्या खोक्याची बाजू उघडली आणि आत डोकावून पाहिलं. "अरे, या काय दोन खाचा मोकळ्या दिसतायत. जागा आहे की चांगली."

"त्या खऱ्या खाचा आहेत, बाबा."

"मग खोट्या हव्यात का?"

"हो."

"खोट्या खाचा कुठे असतात?"

"आतल्या यंत्रात."

आजोबांनी आणखी वाकून पाहिलं. "आत नुसती धूळ आहे."

"तसं आत नाही. त्याच्याही आत."

"धुळीच्या आत?"

"बाबा, ते यंत्र नाहीये. ते फक्त आहे असं वाटतं."

"कुणाला वाटतं?"

"प्रोग्रामला."

आजोबा ताठ उभे राहिले आणि त्यांनी पेचकस खिशात ठेवला. "म्हणजे नसलेल्या यंत्रात नसलेली पट्टी जात नाही, म्हणून तू सकाळपासून चहासुद्धा प्यायला नाहीस."

"मामा," भिंगरी मध्येच म्हणाली, "त्या खोट्या यंत्रात खोट्या खाचा किती आहेत?"

"सुरू करताना आपण सांगू तेवढ्या. दोन सांगा, चार सांगा."

"तू किती सांगितल्यास?"

मामाने सुरुवातीची ओळ पुन्हा वाचून पाहिली. "मी काहीच सांगितलं नव्हतं."

"मग किती झाल्या?"

"मग… एकही नाही."

"आणि तू पट्टी कशात खोचतोयस?"

"ते ठीक आहे गं," मामा घाईघाईने म्हणाला. "खाच नसली तर त्याने सरळ म्हणावं की खाच नाही. हे बोलत काहीच नाही, पट्टी घेतं आणि कोसळतं. ते का, हेच कोडं आहे. आधी कोसळणं थांबवू, मग बाकीचं."

कोसळणाऱ्या वस्तूकडे टक लावून बसलेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही, मुलांनो. तुम्ही पुढे मोठे व्हाल तेव्हा बघालच.

आजी दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "सगळी सोंगं आणता येतात बाबा, जागेचं सोंग काही आणता येत नाही." आणि तेवढ्यात बाहेरची घंटा वाजली.

दारात गाडीवाला होता. "कपाट आलंय, आजोबा. तीन दारांचं. मोठं आहे हं. जागा आहे ना आत?"

"आणा, आणा," आजोबा म्हणाले.

"कसलं कपाट?" आजीने विचारलं.

"माझ्या ताईचं. ती लहान घरात राहायला गेली ना. फोनवर म्हणाली, कपाट हवंय का. मी म्हटलं, पाठव."

"ठेवणार कुठे?"

"अगं, येऊ तर दे."

या घराची ही जुनी रीत होती. उंबऱ्याशी आलेल्याला आधी आत घ्यायचं, मग कुठे बसवायचं ते बघायचं. माणसांना हा नियम, वस्तूंनाही हाच. एकदा इतके पाहुणे 'या, या' म्हणून घेतले गेले, की रात्री आजोबांनाच झोपायला शेजारी जावं लागलं. पण 'नाही' हा शब्द त्या उंबऱ्यावर कुणी ऐकलेला नव्हता.

गाडीवाला आणि त्याचा जोडीदार कपाट घेऊन आत आले. बैठकीच्या खोलीत पलंग, टेबल, खुर्च्या, आजीचं शिवणयंत्र. तिथे कपाट काय, पाटसुद्धा मावला नसता. आजोबा म्हणाले, "तूर्त बोळकंडीत घ्या." बोळकंडी म्हणजे बैठकीतून स्वयंपाकघराकडे जाणारी अरुंद वाट. जोडीदार पुढचं टोक धरून उलटा चालत गेला, गाडीवाला मागून रेटत गेला, आणि कपाट बोळकंडीत बरोब्बर बसलं. इतकं बरोब्बर, की स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून ते थांबलं आणि पुढे जाईना.

मामाच्या खोलीचं दार बोळकंडीत उघडे. आता ते वीतभर उघडून कपाटावर आपटलं. म्हणजे मामा आणि भिंगरी खोलीत कोंडले गेले. जोडीदार स्वयंपाकघरात अडकला. आजी, आजोबा आणि गाडीवाला बैठकीत राहिले. आणि शेगडीवर दूध होतं.

"आजी," कपाटापलीकडून जोडीदाराचा आवाज आला, "दूध वर येतंय. बंद करू का?"

"करा हो, विचारताय काय," आजी ओरडली.

"नाही, दुसऱ्याचं घर, म्हणून विचारलं."

"आता कपाट जरा पुढे घ्या," आजोबा म्हणाले.

"पुढे चौकट आहे, आजोबा."

"मग तिरकं करा."

तिरकं केलं. त्याने एवढंच झालं, की मामाचं वीतभर उघडणारं दार आता चार बोटं उघडायला लागलं. आजोबांनी पेचकस काढला आणि कपाटाची मूठ उघडली. मूठ निघाली, कपाट हललं नाही. गाडीवाला खुर्चीवर बसला. पलीकडे जोडीदाराने पाणी मागितलं, मग आपणच स्वयंपाकघरात आहोत हे त्याच्या ध्यानात आलं.

भिंगरीने चार बोटांच्या फटीला डोळा लावला. "काका," ती गाडीवाल्याला म्हणाली, "तुम्ही विचारलं नव्हतं का, जागा आहे का म्हणून?"

"विचारलं की. मला म्हणाले, आणा."

"आजोबा, तुम्ही बघितली होती जागा?"

"दारात आलेल्याला काय नाही म्हणायचं?" आजोबा म्हणाले. "आधी घेतलं. मग बघत होतो की जागा. अजून बघतोच आहे."

खोलीत मामा खुर्चीवरून अर्धा उठलेला होता, तो तसाच राहिला. मग हळूच खाली बसला.

"भिंगरी, इकडे ये."

"काय?"

"माझं यंत्र हेच करतंय. पट्टी आली की ते आधी 'आणा' म्हणतं. पट्टी हातात घेतं. आणि मग खाच शोधायला निघतं. खाच तर नाहीच. मग जिथे खाच असायला हवी होती, तिथे नुसत्या अंदाजाने पट्टी ठेवायला जातं."

"म्हणजे जिथे त्याचं काही नाही तिथे हात घालतं."

"आणि बाहेर काढलं जातं."

भिंगरीने एकदा फटीतून आजोबांकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. "आजोबांवर गेलंय."

"लिहिलं मी," मामा म्हणाला, "पण वळण घरचंच पडलं."

मग मामा कामाला लागला. खोलीतून बाहेर पडायची सोय नव्हती, चहा पलीकडे होता, त्यामुळे मन लावून काम करण्याला पर्यायच उरला नव्हता. दुरुस्ती काही फार मोठी नव्हती. पट्टी हातात घेण्याच्या आधी, दारातच, दोन प्रश्न विचारायचे. खाचा आहेत का? असतील तर एखादी मोकळी आहे का? यातल्या कशालाही 'नाही' असं उत्तर आलं, तर पट्टीला हात लावायचा नाही, तसं सांगायचं आणि आपलं काम चालू ठेवायचं. मामाने त्या ओळी लिहिल्या, नव्याने यंत्र उभं केलं, छोटं आकाश फिरायला लागलं. भिंगरी त्याच्या खांद्यामागे उभी राहिली.

मामाने पट्टी खोचली.

आकाश फिरतच राहिलं. खाली एक ओळ उमटली.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, क्षमा करा, या यंत्रात खाच नाही."

"पडलं नाही?"

"पडलं नाही."

मामाने मोठी पट्टी खोचून पाहिली. क्षमा करा. छोटी खोचून पाहिली. क्षमा करा. भिंगरीला कळ दाबू दिली. तिने धडाधड दहा-पंधरा पट्ट्या खोचल्या, आणि यंत्राने न चिडता प्रत्येक वेळी क्षमा मागितली. मामा मागे रेलून हसत होता.

"छान आहे," भिंगरी म्हणाली. "आणि धूमकेतू?"

"त्याचं काय?"

"त्याला मेमरी मिळाली का?"

"मिळाली नाही. पण किती नम्रपणे मिळाली नाही, बघ ना."

"मामा, तारांगणातल्या यंत्राला तरी खाचा सांगितल्या होत्यास का?"

मामाचं हसू हळूहळू खाली उतरलं. "नाही. तेही असंच सुरू केलंय."

"म्हणजे तेसुद्धा क्षमा मागणार."

"हो."

"उद्या. माझ्या वर्गासमोर."

भिंगरी पलंगाच्या कडेवर बसली, आणि बसूनच राहिली.

बाहेर आजीचा संयम संपला होता. तिने फोन आजोबांच्या हातात ठेवला. "ताईंना सांगा, कपाट परत येतंय."

"ताईला? अगं, ती माझ्यापेक्षा मोठी आहे. तिला नाही कसं म्हणू?"

"मग आता तुम्ही त्या कपाटात राहायला जा. तीन दारं आहेत, हवा चांगली येईल."

आजोबांनी नंबर लावला. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू जात होतं.

"ताई, ते कपाट…"

"पोचलं का रे?"

"पोचलं. फार सुरेख आहे. पण ताई, म्हणजे, रागावू नकोस, आमच्याकडे त्याला…" इथे आजोबा अडले. आजीने डोळे मोठे केले. "…जागा नाही."

पलीकडून ताईंचा सुस्कारा ऐकू आला. "बरं झालं बाई. दे परत पाठवून."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"मला? अरे, मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं. तू म्हणालास पाठव, मग कसं नाही म्हणणार? माझे सगळे कपडे इथे पलंगावर पडलेत."

आजोबांनी फोन खाली ठेवला. मग गाडीवाल्याला म्हणाले, "पण आता हे निघणार कसं?"

"आलं त्या वाटेने," गाडीवाला उठत म्हणाला. "पुढे जात नाही एवढंच. मागे घ्या असं कुणी म्हणालंच नाही अजून."

कपाट मागे सरकलं, बैठकीतून दाराबाहेर गेलं. मूठ आजोबांच्या खिशात राहिली होती, ती घेऊन ते जिन्यापर्यंत धावले.

दार उघडलं तशी भिंगरी बाहेर आली आणि थेट फोनजवळ गेली. वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे फौजदार म्हणत. तिला सांगितलं की वर्गाला सांगितल्यासारखंच होतं.

"उद्या धूमकेतू नाहीये," भिंगरी म्हणाली.

"का?"

"जागा नाही."

"आकाशात?"

"यंत्रात."

"कासवासारखंच का हे?"

"कासवाच्या वेळी मी काही सांगितलं नव्हतं. तुम्ही सगळे डब्यात कोबीची पानं घेऊन आला होतात. आज मी आधी सांगतेय."

"हं," फौजदार म्हणाली. "तेही खरंच. बाकी आकाश तरी आहे ना?"

"आहे. आणि ते आता कोसळणार नाही."

"आधी कोसळत होतं?"

"उद्या सांगते."

"बरं. कळवते सगळ्यांना. थापाडी ती थापाडीच, पण आगाऊ सूचना देणारी थापाडी." आणि फौजदाराने फोन ठेवला.

भिंगरीला रडू येईल असं आजीला वाटलं होतं. आलं नाही. पण दुपारी जेवताना ती एकदाही ताटावरून उठली नाही, त्यावरून काय ते आजीला समजलं.

संध्याकाळी मामाने व्यवस्थापक बाईंना फोन केला. "कोसळण्याचा दोष सापडला, बाई. दुरुस्तही केलाय. फक्त धूमकेतूला मेमरी देता येणार नाही, कारण तुमच्याकडे चालू असलेल्या यंत्राला खाचाच नाहीत."

"असं का? बरं, दुरुस्त केलेलं केव्हा बसवताय?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

"मग आजच बसवा. शेवटचा खेळ संपतोच आहे. नवीन बसवायचं म्हणजे चालू असलेलं बंद करणार ना तुम्ही?"

मामाने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "हो. म्हणजे… बंद तर करावंच लागेल."

"आणि पुन्हा सुरू करणार."

"हो."

"मग सुरू करतानाच सांगा की त्याला, हव्या तेवढ्या खाचा आहेत म्हणून. नाही तर मेमरीच जास्त देऊन सुरू करा. मला त्यातलं कळत नाही, पण असं चालत नाही का?"

"चालतं," मामा अगदी बारीक आवाजात म्हणाला. "पण उभं राहायला सबंध रात्र लागते, बाई. तेवढा वेळ आकाश बंद राहील."

"रात्री कोण येतंय इथे तारे बघायला? रात्री लोक आपापल्या घरूनच बघतात."

"मला वाटलं होतं, आकाश बंद केलेलं तुम्हाला चालणार नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

मामाने फोन ठेवला तेव्हा घरातले सगळे त्याच्याभोवती जमले होते.

"काय म्हणाल्या?" आजीने विचारलं.

"धूमकेतू येईल म्हणाल्या."

"म्हणजे त्या खाचा सापडल्या?"

"नाही. आता त्यांची गरजच नाही."

"आणि दिवसभर तू दुरुस्त केलंस ते?"

"त्याचीही उद्या गरज नाही."

आजीने कपाळाला हात लावला. "मला पुन्हा पहिल्यापासून सांग. नाही तर राहू दे, नको सांगूस."

"अगं, वाया नाही जायचं ते," आजोबा मामाची बाजू घेत म्हणाले. "खाच नसताना खोचायला जाणारा माणूस कुठे ना कुठे असतोच." एवढं बोलून ते आजीच्या नजरेबाहेर जाऊन बसले.

मामा चपला घालून तारांगणाकडे निघाला. दारातून वळून म्हणाला, "भिंगरी, कर ना फोन तुझ्या फौजदाराला. सांग, धूमकेतू येतोय म्हणून."

भिंगरी फोनकडे धावली. फोन उचलला. एक आकडा दाबला, दुसरा दाबला, आणि तिचं बोट तिसऱ्यावर जाऊन थांबलं. तिने फोन खाली ठेवला. मग पुन्हा उचलला आणि वेगळाच नंबर लावला.

"तारांगण का? व्यवस्थापक बाई आहेत? बाई, मी भिंगरी. मामाची भाची. उद्या सकाळी आमचा वर्ग येतोय. तुमचा धूमकेतू नक्की लावणार आहात ना? वर्गाला सांगायच्या आधी तुम्हाला विचारून घ्यावं म्हटलं."

"रात्रीतून आकाश नीट उभं राहिलं तर लावणार," बाई म्हणाल्या. "पहाटे मी बघून घेईन आणि तुला कळवीन, चालेल? पण तुम्ही किती जण आहात गं? खुर्च्या पुरायला हव्यात."

"पुरतील," असं म्हणायला भिंगरीने तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं.

"एक मिनिट थांबा हं, बाई," ती म्हणाली. आणि फोन खांद्याला धरून, डोळे मिटून, पहिल्या बाकापासून ती एकेकाला बोटांवर मोजायला लागली.